आटोपशीर शहर की ऐसपैस?
अमेरिकेतलं अटलांटा आणि स्पेनमधलं बार्सिलोना. १९९०च्या सुमारास दोन्हींची लोकसंख्या साधारण सारखीच, २५ ते २८ लाख. पण बार्सिलोनाची वस्ती १६२ चौरस किलोमीटरांत मावली होती, तर अटलांटा ४,२८० चौरस किलोमीटरांवर पसरलं होतं! पर्यावरणीय पाऊलखुणेतला, म्हणजे शहराचा निसर्गावर जो एकूण भार पडतो त्यातला, मोठा फरक इथेच, पेट्रोलमध्ये. ऐसपैस शहरात किरकोळ खरेदीलाही गाडी काढावी लागते आणि विरळ वस्तीत मेट्रो चालवणं परवडत नाही. दाट शहरात भिंती सामाईक, म्हणून घरं गरम-थंड ठेवायला ऊर्जाही कमी लागते. झाडांना आणि पाणी मुरायला मोकळी जमीन मात्र अटलांटाकडे जास्त. तरी माझं मत दाटीलाच. अर्थात मांसाहार आणि विमानप्रवास दाटीमुळे घटत नाहीत. तिथे श्रीमंत दाट शहरही तितकंच खादाड.