सोलापुरात कोंबड्या मागवताना : उबवणीची अंडी की एक दिवसाची पिल्ले?

सोलापूरच्या एखाद्या हौशी किंवा लहान कुक्कुटपालकाला कडकनाथ, वनराजा किंवा ग्रामप्रिया यांसारखी जात परगावाहून आणायची असेल, तर त्याच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात : फलित अंडी पार्सलने मागवून ती घरी उबवायची, किंवा हॅचरीतून निघालेली एक दिवसाची पिल्ले खोक्यातून आणायची. तयार तलंगा, म्हणजे अंड्यावर येण्याच्या बेतातल्या तरुण माद्या, घेणे हा तिसरा मार्ग आहे. परंतु तो बाजारात जाऊन, पक्षी हातात धरून, डोळे आणि पाय पाहून करण्याचा व्यवहार असल्याने येथे बाजूला ठेवला आहे. या दोन वाटांची तुलना बहुतेक जण नगाच्या भावावर करतात आणि अंडे स्वस्त म्हणून अंड्यांकडे वळतात. माझ्या मते ही तुलना प्रवासापासून सुरू केली पाहिजे, कारण प्रवासात पिल्लाला झालेली इजा खोके उघडताच दिसते, तर अंड्याला झालेली इजा उबवणीच्या सातव्या दिवशी, आणि पुष्कळदा पिल्ले निघण्याच्या एकविसाव्या दिवशी कळते.

जिवंत पिल्ले पार्सलने येतात हे ऐकून नवख्या माणसाला कसेसेच वाटते, पण त्यामागे निसर्गाची एक सोय आहे. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर साधारण ७२ तास खाद्यपाण्याशिवाय तग धरू शकते. याच आधारावर अमेरिकेचे टपालखाते १९१८ पासून एक दिवसाची पिल्ले पोहोचवत आले आहे. आपल्याकडे पोस्टमन कोंबडीची पिल्ले आणून देत नाही. येथे ती हॅचरीच्या गाडीने, रेल्वे पार्सलने किंवा खाजगी बसने येतात. प्राण्यांच्या वाहतुकीविषयीच्या १९७८ च्या नियमांतही पिल्ले अंड्यातून निघाल्याबरोबर भरून लगेच रवाना करावीत, ती खोक्यात साठवून ठेवू नयेत आणि प्रवासापूर्वी वा प्रवासात त्यांना खाद्यपाणी देऊ नये, असे सांगितले आहे. पुणे आपल्यापासून सुमारे २५० आणि हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे दोन्हीकडून एका रात्रीचा प्रवास. त्यामुळे अंतराची चिंता पिल्लांच्या बाबतीत फारशी उरत नाही. मात्र ही शिदोरी भुकेपुरती आहे, उन्हापुरती नाही.

हे मी पैसे मोजून शिकलो. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये १०० पिल्लांचे खोके एका खाजगी बसने मागवले होते. रात्री निघणारी बस पहाटे निघाली आणि सोलापुरात पुणे नाक्यावर भर दुपारी पोहोचली. पिल्लांच्या खोक्याची चिवचिव एरवी रस्त्यापलीकडून ऐकू येते; त्या दिवशी डिकी उघडली तेव्हा आवाज अर्धाच होता. खोक्यात प्रत्येकी २५ पिल्लांचे चार कप्पे असतात. इंजिनाच्या बाजूला आलेल्या दोन कप्प्यांतली ३१ पिल्ले पाय ताणून पडली होती आणि दाराकडच्या दोन कप्प्यांतली सर्व उभी होती. तरीही तो व्यवहार पूर्ण बुडीत गेला नाही, कारण मेलेली पिल्ले मोजता आली, फोटो लगेच पाठवता आला आणि हॅचरीने पुढच्या खेपेत काही भरपाई दिली. अनेक हॅचऱ्या शंभरामागे दोन पिल्ले मुळातच जास्तीची घालतात, ती याच मरतुकीसाठी.

अंड्यांच्या बाबतीत असा हिशेब मांडता येत नाही. अंड्याच्या रुंद टोकाशी हवेची पोकळी असते. पार्सल आपटले, उलटले किंवा तासन्‌तास हादरत राहिले की ती पोकळी जागची सुटते, आणि कवचाला एकही तडा नसलेले अंडे उबवणीच्या दृष्टीने निकामी होऊ शकते. दुसरा शत्रू उष्णता. फलित अंडे १५ ते १८ अंश सेल्सिअसला ठेवले तर आठवडाभर चांगले टिकते, त्यानंतर त्याची उबवणक्षमता घसरत जाते. सुमारे २४ अंशांच्या वर मात्र आतला गर्भ हळूहळू वाढू लागतो, आणि उबवणीचे तापमान स्थिर न मिळाल्याने ही अर्धवट सुरू झालेली वाढ मध्येच थांबून गर्भ मरतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त. अशा गोदामात एक दिवस पडलेली अंडी आपल्या हातात येतात तेव्हा ती दिसायला अगदी सुबक असतात.

विकणाऱ्याच्या खरेपणाचीही तीच गत. अंडे फलित आहे की नाही, हे उबवण सुरू होण्याआधी बाहेरून ओळखता येत नाही. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्या नावाला भाव आला. पण या कोंबडीचे मांस काळे असले तरी अंडे काळे नसते, फिकट तपकिरीच असते. त्यामुळे शुद्ध कडकनाथ म्हणून आलेली अंडी गावरान कोंबडीची निघाली, तर ते तीन आठवड्यांनी समजणार आणि तोवर फोन उचलणारा माणूस फोन उचलत नसतो. पिल्लाच्या बाबतीत निदान कातडीचा, चोचीचा व पायांचा रंग पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर असतो.

एवढे असूनही मी अंडी मागवतो, ती डिसेंबर-जानेवारीत. गेल्या डिसेंबरमध्ये ३० अंडी मागवली होती. प्रत्येक अंडे वर्तमानपत्रात गुंडाळून, टोकदार बाजू खाली करून, भुशात उभे केलेले होते, दोन फुटली. उरलेली २८ अंडी एक दिवस तशीच उभी ठेवून मग इनक्युबेटरमध्ये घातली, कारण प्रवासातून आलेल्या अंड्याला विसावा दिल्याशिवाय उब देणे मला पटत नाही. सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरून पाहिली. ज्यात जीव असतो त्यात लाल शिरांचे कोळ्यासारखे जाळे दिसते आणि मध्ये एक ठिपका हलत असतो. सात अंडी नुसत्या कंदिलासारखी उजळली, म्हणजे बिनफळ; तिघांत रक्ताचे कडे दिसले, म्हणजे गर्भ सुरू होऊन मेला. शेवटी १५ पिल्ले निघाली. प्रवास केलेल्या अंड्यांतून निम्मी पिल्ले मिळाली तर मी खेप चांगली समजतो.

म्हणून भावाचा हिशेब असा करावा. उदाहरणादाखल अंडे २५ रुपयांना आणि पिल्लू ५० रुपयांना मिळते असे धरू. निम्मीच अंडी फळली तर घरात निघालेले पिल्लू ५० रुपयांनाच पडले, आणि त्यात वीज, २१ दिवसांची राखण व पार्सलचा खर्च अजून धरलेला नाही. शिवाय अंडी काय किंवा न निवडलेली पिल्ले काय, दोन्हींत साधारण निम्मे नर निघणार. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याने मागवलेल्या ३० अंड्यांतून हाती सात-आठ तलंगा लागतील, इतकीच अपेक्षा ठेवावी.

घरी उबवण्याची सोय कशी आहे, यावरही बरेच अवलंबून आहे. इनक्युबेटरला ३७.५ अंशांच्या आसपास स्थिर तापमान लागते. पहिले १८ दिवस आर्द्रता ५५ टक्क्यांच्या जवळपास आणि अंडी रोज अनेकदा फिरवणे, शेवटचे तीन दिवस फिरवणे बंद व आर्द्रता ६५ ते ७० टक्के. तासाभराच्या लोडशेडिंगने अंडी मरत नाहीत. गारव्यापेक्षा अतिउष्णता अधिक घातक असते. परंतु एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत : साधे इनक्युबेटर फक्त तापवते, गार करत नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ४० अंश असतील, तर यंत्राचा दिवा बंद होऊनही आतला पारा चढतच राहतो. शेजारच्या काकूंची खुडूक कोंबडी या बाबतीत कोणत्याही यंत्रापेक्षा शहाणी ठरते. तिच्याखाली १२ ते १५ अंडी सहज मावतात, आर्द्रता मोजावी लागत नाही आणि पिल्ले निघाल्यावर त्यांना ऊब देणारा ब्रूडरही वेगळा लागत नाही. अडचण एवढीच, की पार्सल येईल त्या दिवशी ती खुडूक असेलच असे नाही.

पिल्ले आणली तर हा तीन आठवड्यांचा जीव टांगणीला लावणारा भाग टळतो, पण पहिले दोन दिवस झोप नसते. चिक गार्डच्या, म्हणजे पिल्लांभोवती लावायच्या पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या कुंपणाच्या, गोलात भाताचे तूस किंवा भुईमुगाची टरफले पसरून, त्यावर वर्तमानपत्र घालून, पिल्ले येण्याआधीच दिवे लावून जागा पहिल्या आठवड्यासाठी सुमारे ३५ अंशांवर आणलेली असावी. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करावे. आल्याबरोबर प्रत्येक पिल्लाची चोच गूळपाण्यात बुडवावी आणि मगच खाद्य टाकावे. दिव्याखाली ढीग झाला तर थंडी आहे, कडेला पांगून चोची उघड्या दिसल्या तर उकाडा आहे.

रोगांच्या बाबतीत मी पिल्लांच्या बाजूने आहे. चांगल्या हॅचरीत पिल्लाला पहिल्याच दिवशी मरेक्स या विषाणुजन्य रोगाची लस टोचली जाते, जी घरी उबवलेल्या दहा-पंधरा पिल्लांना देणे व्यवहारात जमत नाही. मानमोडी (राणीखेत) आणि गम्बोरो या कोंबड्यांच्या रोगांच्या लसी मात्र दोन्हींना वेळापत्रकाप्रमाणे घरीच द्याव्या लागतात. अंड्यांबरोबर रोग येत नाही, ही समजूत चुकीची आहे. साल्मोनेला आणि मायकोप्लाझ्मा हे रोगजंतू कोंबडीकडून अंड्यावाटे पिल्लात उतरतात.

हंगामाचा एक पेच दोन्ही वाटांना लागू आहे. गावरान नराला आखाडात जो भाव मिळतो तो श्रावणात मिळत नाही, आणि आखाडात विकायचा नर चार महिन्यांचा हवा असेल, तर पिल्लू फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या आरंभी घरात असावे लागते. अंडी मागवणाऱ्याने त्यामागे आणखी २१ दिवस मोजले, की तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येते, आणि सोलापुरात अंड्यांचे पार्सल सुखरूप येण्याची मुदतही साधारण तिथेच संपते.

तेव्हा ५० किंवा अधिक पक्षी हवे असतील, तर निःशंकपणे पिल्ले घ्यावीत, आणि शक्यतो हॅचरीच्या स्वतःच्या गाडीने किंवा स्वतः जाऊन आणावीत. शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुण्यात आणि कोल्हापुरात आहेत, तर वनराजा व ग्रामप्रिया या जाती विकसित करणारे कुक्कुट संशोधन संचालनालय हैदराबादच्या राजेंद्रनगरला आहे. बसनेच आणायची झाली, तर खोके डिकीत न टाकता चालकाच्या केबिनमध्ये ठेवण्याचे पैसे वेगळे द्यावेत. दहा-वीस पक्षी, दुर्मीळ जात, हिवाळा आणि जवळपास खुडूक कोंबडी असा योग जुळला, तरच अंडी मागवावीत, आणि पाठवणाऱ्याकडून अंडी घातल्याची तारीख लिहून घ्यावी. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्याला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा बाधित परिसरातून पक्ष्यांबरोबर अंड्यांच्या ने-आणीवरही बंदी आली होती. म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी ज्या जिल्ह्यातून माल येणार आहे तेथील पशुसंवर्धन खात्याकडे एक फोन करावा.