बार्शीवाल्याच्या लेकीची पत्रिका

१९९१ साली सोलापूरच्या संगमेश्वर कॉलेजातून बी. कॉम. झालेले आम्ही एकशे बारा जण एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहोत. सगळे पंचावन्नच्या आसपासचे. कुणी व्हीआरएस घेतली, कुणी आजोबा झालं, कुणाच्या पोरानं पुण्यात फ्लॅट घेतला. अक्कलकोटवालीनं गुडघा बदलून घेतला आणि तिसऱ्या दिवशी वॉकर धरून फोटो टाकला. आडनावानं कुणी कुणाला हाक मारत नाही, गावावरूनच ओळख. त्यातल्या बार्शीवाल्याच्या लेकीचं डिसेंबरात जमलं. मुलगा काय करतो, हॉल कुठला, जेवणाला काय, सगळं ग्रुपवर चघळून झालं. "पत्रिका कधी टाकतोस बे?" हे रोज कुणीतरी विचारायचं. दोनदा मीसुद्धा विचारलं होतं.

पत्रिका आली १३ जानेवारीला, रात्री पावणेदहाला. गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस. त्या दिवशी नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, अडुसष्ट लिंगांना जाऊन येतात, दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडलेले, घरात माहेरची सहा माणसं. फाइल आली त्याच्याच नंबरवरून, वर त्याचाच सहकुटुंब फोटो. नाव 'विवाह निमंत्रण', पुढं 'एपीके' अशी शेपटी. त्या शेपटीकडे मी बघितलंच नाही. बघितलं असतं तरी कळलं नसतं म्हणा; एपीके म्हणजे अ‍ॅप बसवायची फाइल, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं.

दाबलं, तर फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप घेऊ का? हो. मेसेज वाचायची परवानगी? हो. फोटोंची? हो. मग पांढरा पडदा आला आणि काहीच उघडलं नाही. नेट स्लो असेल म्हणून फोन चार्जिंगला लावला आणि कणीक मळायला गेले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब मी सत्तावीस वर्षं लिहितेय. पाच रुपयांचा फरक आला तरी मला झोप लागत नाही. त्या बाईनं तीनदा 'हो' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळा. सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं, संमती कट्ट्यापाशी मुंगीला जागा नसते. फोन पर्समध्ये, पर्स पोटाशी. अक्षता पडल्यावर होम मैदानावर भाचीला पाळण्याचं तिकीट काढायला गेले तर पैसे जाईनात. खात्यात शिल्लक नाही, असं फोन म्हणाला. महिन्याची चौदा तारीख, शिल्लक नाही कशी?

पहाटे सव्वादोन ते पावणेतीनमध्ये तीनदा पैसे गेले होते. २४,९९९, पुन्हा २४,९९९ आणि १२,४००. एकूण ६२,३९८ रुपये. बँकेचा एकही मेसेज मला दिसला नव्हता, कारण येईल तो मेसेज ते अ‍ॅप परस्पर पुढं पाठवत होतं, ओटीपीसकट. पण ओटीपीनं एकट्यानं काय होणार? कार्डाचा नंबर लागतो, मागचे तीन आकडे लागतात. ते फोटोंत होतं. लेकाला रेल्वेचं तिकीट काढायचं होतं म्हणून गेल्या दिवाळीत कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो मीच त्याला पाठवले होते. पुसायचे राहून गेले. एवढं लिहितानाही कान गरम होतात, पण लिहिते, कारण आमच्या वयाच्या निम्म्या लोकांच्या फोनमध्ये असे फोटो असतात. आधी जाऊन ते पुसा, मग पुढचं वाचा.

लाज तर पुढंच आहे. रात्रभरात माझ्या नंबरवरून तीच 'पत्रिका' शंभरावर लोकांना गेली होती. टॉवेलचे व्यापारी, सोसायटीच्या बायका, नणंदा. माझा लेक बत्तीस वर्षांचा, तीन वर्षं स्थळं बघतोय, आणि मला दुपारपर्यंत एकवीस अभिनंदनं. "गुपचूप उरकलंस की गं!" असं एका नणंदेनं लिहिलं. त्यांतल्या किती जणींनी ते उघडलं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

भाच्यानं भराभर कामं केली. आधी फोन एअरप्लेन मोडवर. मग सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन ते अ‍ॅप काढलं. पडद्यावर त्याचं चित्रच नव्हतं, नुसतं शोधून सापडलं नसतं. मग नेटवर्क परत चालू करून कॉल दुसरीकडे वळवलेत का ते तपासलं. व्हॉट्सअ‍ॅपमधली जोडलेली उपकरणं तोडली, सहा आकडी पिन घातला. हे चालू असताना त्याच्या फोनवरून मी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लागले. पैसे चोराच्या हातातून पुढं जायच्या आत थांबवायचे असतात, म्हणून तिथं मिनिटांना किंमत. आमचे बारा तास वाया गेलेले, तरी एक २४,९९९ मधल्या खात्यात गोठले. बाकीचे गेले. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार, आणि नंतर बँक.

बँकेतल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, परवानगी तुम्हीच दिलीत." रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी वाचून गेले होते. त्यात म्हटलं होतं, चूक आपली नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान आपल्यावर पडत नाही. आपल्या हलगर्जीपणानं गेलं असेल, तर कळवेपर्यंतचं आपलंच. तीनदा 'हो' म्हटलेलं, वर कार्डाचे फोटो. मी काय वाद घालणार?

मला राग आला तो बार्शीवाल्याचा. त्याचा फोन माझ्या एक दिवस आधी गेला होता. तेरा तारखेला सकाळीच त्याला कळलं होतं. 'माझ्या नंबरवरून काही आलं तर उघडू नका' एवढी एक ओळ लेकीच्या फोनवरून टाकली असती, तर निदान आम्ही चौघं वाचलो असतो. नाही टाकली. पण खरं सांगू का, मला दुपारी एकला कळलं आणि मी ग्रुपवर लिहिलं सात वाजता. सहा तास मी मजकूर जुळवत होते, शहाणी दिसावी असा. त्या सहा तासांत मोहोळवाल्यानं माझी 'पत्रिका' उघडली. आमच्या ग्रुपवर केक चालतो, नातवंडं चालतात, गुडघासुद्धा चालतो, पण मूर्खपणाची बातमी टाकायची तिथं सवयच नाही.

तर आता सरळ सांगते. पत्रिका फोटो म्हणून येते, पीडीएफ म्हणून येते, व्हिडिओ म्हणून येते. ती कधी 'इन्स्टॉल' होत नाही. शेवटी एपीके असेल, तर पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी आधी फोन करून विचारा.

फेब्रुवारीत बार्शीवाला जुळे सोलापुरात आमच्या घरी आला. छापील पत्रिका, कोपऱ्यांना हळदकुंकू. ह्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "उघडू ना?" तो हसला नाही. हे आत चहा टाकायला गेले तेव्हा हळूच म्हणाला, "माझे एक लाख दहा हजार गेले गं. लग्नाचे होते. तक्रार नाही केली, केली तर घरी कळेल." मी पेन आणलं आणि त्याच पाकिटाच्या मागं १९३० लिहून पाकीट त्याच्या हातात दिलं. पत्रिका तेवढी ठेवून घेतली.