नंदनवनातला वेब डिझाइनचा क्लास : बाकी मस्त, फ्रेमचा भाग बदलायला पाहिजे

नंदनवनात वीकेंडचा वेब डिझाइन क्लास केला, बरेच जण विचारून राहिले की पैसे वसूल होतात का, म्हणून लिहितोय. नाव देत नाही. पैसे वसूल होतात, फक्त फ्रेमचा भाग सोडून (फ्रेम म्हणजे स्क्रीनचे तुकडे करून प्रत्येकात वेगळं पान दाखवायचं).

सर मनापासून शिकवतात, प्रत्येकाच्या कॉम्प्युटरपाशी येऊन कोड बघतात, टॅग (कोडमधली < > अशी खूण) बंद करायचा राहिला तर सांगत नाहीत, आपल्यालाच शोधायला लावतात. फॉर्म, टेबल, सीएसएस (पानाची सजावट अन मांडणी) एकदम पक्कं झालं. लॅबमध्ये कूलर जोरदार आहे, मे महिन्यात नागपुरात ही लहान गोष्ट नाही बाप्पा.

पण फ्रेमसेटवर, म्हणजे फ्रेमची मांडणी ठरवणाऱ्या टॅगवर, इतका वेळ? नेटस्केपनं १९९६ मध्ये त्यांच्या नेव्हिगेटर २ ब्राउझरमध्ये फ्रेम आणल्या तेव्हा डायल-अपचं नेट होतं, डावीकडचा मेनू एकदाच लोड व्हायचा अन उजवीकडचं पानच तेवढं बदलायचं, त्या काळासाठी ती खरंच हुशारीची गोष्ट होती. २०१४ मध्ये एचटीएमएल ५ (वेब पानं लिहायच्या भाषेची पाचवी आवृत्ती) फायनल झालं त्यात फ्रेम, फ्रेमसेट, नोफ्रेम्स हे टॅग सगळे बाद. ब्राउझर अजूनही दाखवतात, म्हणून पोरांना वाटतं की चालतंय न, मग काय झालं.

काय झालं ते सांगतो. इतवारीतल्या मामाच्या साडीच्या दुकानाचं पान प्रॅक्टिसला बनवलं, डावीकडे मेनू, उजवीकडे साड्या. करवतकाठीवर क्लिक केलं तर साड्या आल्या पण वरचा ॲड्रेस तोच राहिला, लिंक मामाला व्हॉट्सॲपवर पाठवली तर तिकडे पहिलंच पान उघडलं, साडी कुठं गेली म्हणून त्यांचा फोन. मोबाइलवर मेनूची पट्टी इतकी बारीक की बोट ठेवता येईना. गुगलवरून कोणी थेट आतल्या पानावर आलं तर त्याला मेनूच दिसणार नाही. हेच पान नंतर सीएसएस ग्रिडमध्ये (पान रकान्यांत मांडायची सीएसएसची पद्धत) केलं, मेनूला स्टिकी दिलं म्हणजे स्क्रोल केलं तरी तो जागेवर राहतो, सगळं सुटलं.

आणि जे आज रोज लागतं ते आयफ्रेम, म्हणजे आपल्या पानात दुसरं पान बसवायचा टॅग, शेवटी घाईघाईत उरकलं. दुकानाचा गुगल मॅप, यूट्यूबचा व्हिडिओ यानंच तर बसवतात! टायटल द्यायचं म्हणजे स्क्रीन रीडरवाल्याला (ज्याला कॉम्प्युटर पान वाचून दाखवतो) कळतं, लोडिंग लेझी केलं, म्हणजे गरज पडेल तेव्हाच लोड, तर पान लवकर उघडतं, परक्या पानाला सँडबॉक्स लावायचा म्हणजे ते काय करू शकतं त्याला मर्यादा येते, यातलं काहीच नाही सांगितलं. एका मुलीनं बँकेची साइट आयफ्रेममध्ये टाकली, ती उघडेना, तर उत्तर मिळालं नेट स्लो आहे. नेटचा संबंधच नव्हता, भामटे बँकेचं पान स्वतःच्या फ्रेममध्ये उघडून लोकांना भलत्याच बटणावर क्लिक करायला लावतात म्हणून बँका सर्व्हरवरूनच ते बंद करून ठेवतात. इतका चांगला प्रश्न वाया गेला याचं खरंच वाईट वाटलं.

पाचपैकी साडेतीन स्टार. सरांशी बोललो, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पुढच्या बॅचला फ्रेमसेट अर्ध्या तासात संपवतो म्हणाले. ॲडमिशन घेणाऱ्यांनी ग्रिड आणि आयफ्रेमला किती वेळ आहे ते आधीच विचारून घ्या.