नवा पीसी सुरू होईना: घरी उघडावा की नागपूरला न्यावा?

पंखे फिरतात, स्क्रीन काळीच. आर्वीहून एसटीत कॅबिनेट मांडीवर घेऊन नागपूर गाठायचं म्हणजे दिवस मोडतो, वर खड्ड्यांत ग्राफिक्स कार्ड हलतं ते वेगळंच. म्हणून आधी घरीच बघा. रॅम डीडीआर५ (नव्या पिढीची) असेल तर पहिल्यांदा दहा-पंधरा मिनिटं नुसतं थांबा. मदरबोर्ड रॅमची जुळणी करत असतो. मग प्लग काढून प्रोसेसरजवळची ८ पिनची वायर तपासा, नेमकी तीच लावायची राहून जाते. रॅमची पट्टी एकच ठेवा. चार स्लॉट असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्यात, ‘टक्’ आवाज येईस्तोवर दाबून.

दुकानात मात्र बदलून बघायला दुसरा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), दुसरा प्रोसेसर असतो. गावात तो कुठून आणणार? आणि सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेतली, पिन वाकलेली दिसली, तर हात न लावता सरळ नागपूरची गाडी धरा.