मिरामारचं वॉक की घरची खुर्ची?
बाबा ७२ चे, गुडघे कुरकुरतात. मला विचाराल तर पणजीचा मिरामार किनाराच भारी, सकाळी सहाला स्वतःहून चपला घालून दारात उभे, कारण तिथे त्यांचे रिटायर्ड दोस्त असतात आणि नंतर भाजीपाव (डॉक्टरला सांगू नका). सुक्या वाळूत पाय रुततो म्हणून ओल्या कडेनं चालतात. पण जूनमध्ये पाऊस लागला की सगळं बंद.

घरी खुर्ची धरून उठबस, एका पायावर उभं राहणं पावसातही होतं, आणि डब्ल्यूएचओ ६५ च्या वरच्यांना आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारख्या हालचालीसोबत तीन दिवस तोलाचे व्यायामही सांगते, ते इथंच जमतात. फक्त आईनं मोजलं तर दहा होतात, नाहीतर चारवरच चहा मागतात.