थ्रॉटल बॉडी घरी साफ केली : पावसाळा उलटून गेल्यावरचा अनुभव

मे महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीची थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, साफ केली. आता दिवाळी तोंडावर आलीये, म्हणजे मत देण्याइतका वापर नक्कीच झालाय.

गाडी दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक, म्हणजे एक्सलेटरची केबल नाही, आतली बटरफ्लाय (हवेची वाट उघडणारी-झाकणारी गोल चकती) मोटरवर हलते. दुखणं असं होतं की एसी लावून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की आरपीएम घसरायचे, स्टिअरिंग थरथरायचं आणि क्लच सोडताना गाडी कधीकधी बंदच पडायची. प्लग आणि एअर फिल्टर बदलूनही फरक नव्हता.

सामान फार लागत नाही. थ्रॉटल बॉडी क्लीनरचा स्प्रे, जुना मऊ टूथब्रश, धागे न सुटणारं कापड, नायट्राइलचे हातमोजे, दहा नंबरचा पाना आणि स्क्रूड्रायव्हर. स्प्रे घेताना डब्यावर थ्रॉटल बॉडीसाठी चालतो असं लिहिलेलं बघा. काही कार्ब (कार्बोरेटर) क्लीनर इतके जहाल असतात की थ्रॉटलच्या आतलं कोटिंग आणि रबरी सील खराब करतात. वास उग्र असतो आणि स्प्रे लगेच पेट घेतो, त्यामुळे इंजिन पूर्ण थंड हवं आणि जागा मोकळी.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, क्लॅम्प सैल करून हवेचा पाइप बाजूला केला. बटरफ्लायची पुढची बाजू बरी दिसत होती. कडेला मात्र काळं कडं धरलेलं. बोट फिरवलं तर काजळाच्या डबीत घातल्यासारखं माखलं. इंजिनातली तेलकट वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेत, येते आणि तिथे साचते. गाडी आयडलला (एक्सलेटर न दाबता इंजिन चालू) असताना जवळजवळ सगळी हवा याच कडेच्या फटीतून जाते, म्हणून काजळीचा पातळ थरही तिला भारी पडतो.

स्प्रे थेट आत मारत सुटायचं नाही. कापडावर आणि ब्रशवर घेऊन पुसायचं, नाहीतर घाण ओघळून आत जाते, शिवाय शाफ्टच्या बाजूने मोटरकडे उतरू शकते. बटरफ्लाय उघडताना चावी बंदच हवी, आणि उघडायचीही अगदी हलक्या हाताने, कारण आतले गिअर बऱ्याचदा प्लास्टिकचे असतात. कापड काळं यायचं थांबेपर्यंत पुसत राहिलो. या कामाला घाई अजिबात चालत नाही.

नवख्या माणसाची खरी कसोटी यानंतर लागते. गाडी चालू केली तर आरपीएम चढेच! यात घाबरण्यासारखं काही नाही. काजळीमुळे हवा कमी पडत होती म्हणून ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) बटरफ्लाय जास्त उघडी ठेवायची सवय लागलेली असते, आणि आता साफ फटीतून हवा जास्त जाते. एसी, लाइट सगळं बंद ठेवून रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत गाडी आयडलला सोडली, मग थोडा वेळ एसी लावून. आरपीएम आपोआप जागेवर आले. काही गाड्यांना मात्र हे स्कॅनर लावूनच शिकवावं लागतं. त्यामुळे काम हातात घेण्याआधी आपल्या मॉडेलची पद्धत विचारून घ्या.

आता इतक्या महिन्यांनी सांगतो: सिग्नलला गाडी शांत उभी राहते, आणि भर पावसात एसी, वायपर, हेडलाइट सगळं चालू असतानाही एकदाही बंद पडलेली नाही. बंपर टू बंपर गर्दीत हाफ क्लचवर गाडी सरकवणं फार सोपं झालंय. मायलेज होतं तेवढंच आहे. कात्रजच्या चढावर पिकअपमध्येही मला फरक जाणवला नाही, आणि जाणवायचं कारणही नाही, कारण पूर्ण एक्सलेटर दाबल्यावर बटरफ्लाय सताड उघडीच असते. त्या आशेने कोणी हे काम करू नये. आयडल नीट असेल तर थ्रॉटलला हातही लावू नका.

गेल्या आठवड्यात पाइप काढून पाहिलं. कड स्वच्छ आहे, पण मागच्या बाजूला तेलाचा पुसट ओलावा पुन्हा दिसला. पुढच्या सर्व्हिसला पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासून घेणार आहे.