लेकीच्या मराठी वाचनासाठी अ‍ॅप्स शोधली, त्याचा अनुभव

माझी लेक पहिलीत आहे, इंग्रजी मीडियमला. घरी मराठीच चालतं, बोलते तर चुरूचुरू, पण पुस्तक समोर ठेवलं की दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला अडायची. शाळेत मराठी आहे (२०२० च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात सगळ्याच शाळांना ते ठेवावं लागतं) पण तास मोजकेच, म्हणून सहा महिन्यांत सात-आठ अ‍ॅप्स टाकून बघितली आणि बरीचशी काढून टाकली.

काढली का, तर बहुतेक अ‍ॅप्स मुळात हिंदीसाठी केलेली आणि वरून मराठी नाव दिलेलं. कुठलंही अ‍ॅप घेताना आधी ल आणि श बघा. बालभारतीच्या पुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श असतो, अ‍ॅपमध्ये हिंदीतला दांडीचा ल दिसला की मूल बिचारं गोंधळतं, माझी लेक विचारत होती आई हे कुठलं अक्षर. मग ळ आहे का बघा, एका अ‍ॅपमध्ये कमळाचं चित्र आणि आवाज येतोय "कमल". आणि च ऐका. "चिंच" ह्या एका शब्दात दोन वेगळे च आहेत, आपण न शिकता बोलतो, पण रेकॉर्ड केलेला आवाज दोन्ही सारखेच म्हणत असेल तर ते अ‍ॅप मराठी माणसाने केलेलं नाही हे तिथंच कळतं.

दुसरं म्हणजे फुगे फोडणे, अक्षर ओढून डब्यात टाकणे वगैरे. मूल अर्धा तास शांत बसतं हे खरं, पण त्यात वाचन नसतं, रंग आणि आवाज ओळखून बोट चालतं. महिनाभर असं एक अ‍ॅप वापरून लेकीला "घर" सलग वाचता येईना तेव्हा मला फार वाईट वाटलं, तिचा महिना मी वाया घालवला.

आमच्याकडे टिकलं ते गूगलचं रीड अलाँग. २०१९ ला बोलो नावाने आलं तेव्हा हिंदी आणि इंग्रजीच होतं, आता मराठी गोष्टीही आहेत. फुकट, जाहिराती नाहीत, गोष्टी एकदा डाऊनलोड केल्या की नेटशिवाय चालतं त्यामुळे गावी सुद्धा वापरता आलं. मुलाने मोठ्याने वाचायचं, अ‍ॅप ऐकतं, अडलं तर शब्दावर बोट ठेवलं की त्यातली दिया नावाची मदतनीस तो म्हणून दाखवते. लेक "पर्वत" ला "पवर्त" म्हणायची, रफार "व" च्या वर दिसतो म्हणून र त्याच्या मागून घ्यायची. तीन वेळा बोट ठेवून ऐकलं, मग स्वतःच र वर बोट ठेवून हळू म्हणाली प...र्...वत, आणि माझ्याकडे बघून हसली. तेव्हा मी शेजारी बसले होते हे महत्त्वाचं, मोबाईल हातात देऊन स्वयंपाकाला गेले की ती गोष्ट सोडून खेळांकडे वळते.

त्याच्या जोडीला प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, हे २०१५ पासून आहे आणि मराठीत भरपूर गोष्टी आहेत, त्याही फुकट. चार पायऱ्या केल्यात, पहिल्या पायरीला पानावर एखाद-दोन छोटी वाक्यं आणि मोठं चित्र. पीडीएफ घेऊन प्रिंट काढता येते हे मला सगळ्यात आवडलं, झेरॉक्सवाल्याकडून चार गोष्टी काढून आणल्या, स्टेपल केल्या, आता रात्री तेच वाचतो आणि स्क्रीन बंद. इंग्रजी अक्षरांच्या आवाजांसाठी खान अकॅडमी किड्स आहे, दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, तेही फुकट आणि बिनजाहिरातीचं, पण मराठीला त्याचा उपयोग नाही.

पैशांचं एक सांगते. एका पेड अ‍ॅपची सात दिवसांची ट्रायल घेतली, आवडलं नाही म्हणून अ‍ॅप काढून टाकलं आणि आठव्या दिवशी वर्षाचे पैसे कापले गेले. अ‍ॅप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, प्ले स्टोअरमध्ये जाऊन वेगळं कॅन्सल करावं लागतं. ट्रायल घेतल्या दिवशीच करून टाका, उरलेले दिवस सहसा तरीही वापरता येतात.

सध्या आमची गाडी "द्य" आणि "द्ध" वर अडली आहे, विद्या आणि युद्ध रोज पाटीवर लिहितो.